पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये बाईला कोच म्हणून करिअर करता येतं का?

तू विचारलं आहेस की पुरुषांच्या व्यावसायिक टीमला कोचिंग करणं हे बाईसाठी खरंखुरं करिअर होऊ शकतं, की 'पहिली महिला' अशा मथळ्याखाली एकदा फोटो छापून येण्यापुरतंच ते असतं. तुझ्यापुढचे दोन पर्यायही तू लिहिले आहेस. एका शाळेने मुलींच्या टीमची मुख्य कोच म्हणून पगारी काम देऊ केलं आहे. तू ज्या क्लबकडून खेळलीस त्यांनी पुरुषांच्या टीमला 'मदत' करायला बोलावलं आहे, पण मानधन नाही. मी बरीच वर्षं मुलांच्या आणि पुरुषांच्या टीमना शिकवत आले आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल. शेवटी तुझ्या दोन पर्यायांकडे येतेच.

करिअर होऊ शकतं. फक्त ते बातमीत दिसतं तसं घडत नाही, म्हणून आधी ते प्रत्यक्षात कसं घडलं ते बघ.

सगळ्यांना माहीत असलेलं नाव बेकी हॅमन. साउथ डकोटामधल्या रॅपिड सिटीची, उंची जेमतेम पाच फूट सहा इंच. १९९९ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बायकांच्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत) तिला कोणी घेतलं नाही. न्यूयॉर्क लिबर्टीने नंतर करारावर घेतलं, २००७ मध्ये ती सॅन अँटोनियोला गेली आणि सहा वेळा ऑल-स्टार झाली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकहून परतताना विमानात तिच्या शेजारी योगायोगाने ग्रेग पोपोविच बसले होते, एनबीए या पुरुषांच्या व्यावसायिक लीगमधल्या सॅन अँटोनियो स्पर्सचे कोच. इथपर्यंत सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं वर्ष. जुलै २०१३ मध्ये तिच्या गुडघ्याचं एसीएल (सांधा स्थिर ठेवणारा अस्थिबंध) फाटलं. वय छत्तीस. खेळाडू म्हणून शेवट जवळ आलेला. तो मोसम तिने घरी बसून काढला नाही. ती स्पर्सच्या प्रॅक्टिसला, व्हिडिओच्या बैठकांना, कोचेसच्या चर्चांना जाऊन बसू लागली. पद नाही, पगार नाही, पण तिचं मत विचारलं जायचं आणि ती ते स्पष्ट द्यायची. त्याच मोसमात स्पर्स चॅम्पियन झाले आणि ५ ऑगस्ट २०१४ ला त्यांनी तिला पगारी, पूर्णवेळ असिस्टंट कोच म्हणून घेतलं. जगाच्या दृष्टीने ती त्या दिवशी आत आली. टीमच्या दृष्टीने ती वर्षभर आधीपासून आत होती.

तिच्या आधीही बायका या दारापर्यंत आल्या होत्या. २००१-०२ च्या मोसमात लिसा बॉयर क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स या एनबीए टीमसोबत काम करत होती. प्रॅक्टिस आणि घरचे सामने, बाहेरगावचा प्रवास नाही, आणि पदही स्वयंसेवकाचं. तो मोसम संपला आणि ते कामही संपलं. नॅन्सी लीबरमनने २०१०-११ मध्ये टेक्सस लेजेंड्स या डी-लीगमधल्या (एनबीएसाठी खेळाडू तयार करणाऱ्या दुय्यम लीगमधल्या) पुरुषांच्या टीमची मुख्य कोच म्हणून जबाबदारी घेतली आणि २०१५ मध्ये ती सॅक्रामेंटो किंग्जची असिस्टंट झाली. बॉयर आणि हॅमन यांच्यातला फरक गुणवत्तेत शोधू नकोस. एकीला घरच्या सामन्यांपुरतंच जवळ केलं होतं, दुसरीला करार, पगार आणि ठरलेलं काम मिळालं. तुझ्या क्लबच्या निरोपाचा विचार करताना हा फरक डोक्यात ठेव.

आता बहुतेक जणी जो प्रश्न मनात ठेवतात तो: पुरुष खेळाडू ऐकतात का?

पाउ गॅसोलने मे २०१८ मध्ये हॅमनबद्दल जाहीर पत्र लिहिलं होतं. दोन वेळा एनबीए जिंकलेला सात फुटी सेंटर, फिल जॅक्सन आणि पोपोविच या दोघांच्या हाताखाली खेळलेला. त्या पत्रात त्याने प्रॅक्टिसमधला एक साधा प्रसंग सांगितला आहे. तो आणि एक तरुण गार्ड पिक अँड रोलचा (एकाने डिफेंडरच्या वाटेत उभं राहून 'स्क्रीन' लावायचा आणि मग बास्केटकडे वळायचं) दोघांचा ड्रिल करत होते. गार्ड जमिनीवर टप्पा देऊन बाउन्स पास देत होता. हॅमनने ड्रिल थांबवून त्याला सांगितलं की पास फार खाली येतोय, पाउला तो हवा तिथे मिळत नाहीये. बस्स, एवढंच. पण ज्याने स्क्रीन लावून रोल केलं आहे त्याला कळतं की गुडघ्याजवळ आलेला बॉल उचलायला जो क्षण जातो त्यात डिफेंडर परत उभा राहतो. हॅमन स्वतः पॉइंट गार्ड. असे हजारो पास तिने दिलेले होते. ती ऐकवण्यासाठी बोलली नव्हती. तिला चूक दिसली, ती का होते ते दिसलं आणि दुरुस्ती सांगता आली.

माझाही अनुभव नेमका हाच आहे. पुरुष खेळाडू पहिले काही दिवस तुला तपासतात. त्यात खवचटपणा फारसा नसतो. नव्या पुरुष कोचलाही ते तपासतात, त्याला फक्त सवलत जास्त मिळते. ते बघतात की तुला दिसतंय का. क्लोजआउटला, म्हणजे शूटरला अडवायला, धावताना कोणाचं वजन पुढे झुकलं, रिबाउंडसाठी समोरच्याला मागे रोखणारा बॉक्स आउट कोणी सोडला, झोन डिफेन्समध्ये (प्रत्येकाने ठरलेला भाग सांभाळायचा) कोपऱ्यातल्या शूटरकडे जायचं काम कोणाचं होतं. एकदा एखाद्याला असं काही सांग की ज्याने त्याला पुढच्याच सामन्यात दोन सोपे बास्केट मिळतील. तो पुढच्या प्रॅक्टिसला आपण होऊन तुझ्याकडे येईल, आणि बाकीचे ते बघत असतात. आवाज चढवून, शिव्या देऊन, 'मी पण पुरुषांसारखी कडक आहे' असं दाखवून हे साधत नाही. शिव्या देणारे कोच त्यांनी लहानपणापासून भरपूर पाहिलेले असतात. खेळ नेमका सांगणारे कमी भेटलेले असतात.

म्हणून तू कशात तयार व्हावंस हे मी अगदी ठोस सांगते. समोरची टीम वाचायला शिक. व्यावसायिक टीममध्ये असिस्टंट कोचचा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. एनबीएचा नियमित मोसम ८२ सामन्यांचा असतो, आणि प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचं स्काउटिंग कोणीतरी असिस्टंट करून आणतो: त्यांचे सेट (ठरवलेल्या चाली), टाइमआउटनंतर ते काय खेळतात, कोण डावीकडे ड्रिबल करताना अडखळतो, शेवटच्या दोन मिनिटांत बॉल कोणाच्या हातात जातो. हे व्हिडिओ कापून, जुळवून, खेळाडूंना पाच-दहा मिनिटांत पटेल असं मांडावं लागतं.

एक उदाहरण घे. समोरचा गार्ड पिक अँड रोलवर तुमच्या टीमला त्रास देतोय. तुझ्या सेंटरने मागे रेंगाळून बास्केट सांभाळायचं, म्हणजे ज्याला आपण 'ड्रॉप' म्हणतो ते, की पुढे येऊन गार्डला अडवायचं? गार्ड ड्रिबलवरून तीन पॉइंटचा शॉट मारत असेल तर ड्रॉप म्हणजे त्याला आमंत्रण. तो फक्त आत घुसत असेल आणि मधल्या अंतरावरून चुकत असेल तर ड्रॉप उत्तम, घे म्हणावं तो शॉट. आता ही माहिती खेळाडूला कशी द्यायची? मी एका खेळाडूला एका सामन्यासाठी तीनपेक्षा जास्त गोष्टी सांगत नाही. 'अकरा नंबर उजवीकडेच जातो. स्क्रीनच्या वरून जा. तो थांबून शूट करेल तेव्हा उडी मारू नको, हात वर ठेव.' कोर्टवर चोवीस सेकंदांचं घड्याळ चालू असताना चौथी गोष्ट कोणालाच आठवत नाही. ही कला पुरुषांची नाही, बायकांची नाही. ती खूप सामने लक्ष देऊन पाहिल्यावर येते, आणि तिच्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

अशाच पडद्यामागच्या कामातून वर आलेल्या दोन जणींची वाट मला हॅमनपेक्षाही जास्त शिकवून जाते.

पहिली नताली नकासे. यूसीएलएची पाच फूट दोन इंचाची गार्ड. २०११ मध्ये ती जपानमध्ये साइतामा ब्रॉन्कोज या पुरुषांच्या व्यावसायिक टीमची मुख्य कोच झाली, त्या लीगमधली पहिली महिला. त्यानंतर २०१२ मध्ये तिने लॉस एंजेलिस क्लिपर्स या एनबीए टीममध्ये काय काम घेतलं माहीत आहे? व्हिडिओ विभागात इंटर्न. मुख्य कोचच्या खुर्चीवरून उठून दुसऱ्यांसाठी क्लिप कापायला बसली. २०१४ च्या समर लीगमध्ये (उन्हाळ्यात होणाऱ्या, मुख्यतः नव्या खेळाडूंच्या स्पर्धेत) ती क्लिपर्सच्या बेंचवर असिस्टंट म्हणून बसली, पुढे त्यांच्या जी लीग (पूर्वीची डी-लीग) टीममध्ये आणि खेळाडू घडवण्याच्या कामात गेली. २०२२ मध्ये हॅमन लास वेगासच्या डब्ल्यूएनबीए टीमची मुख्य कोच झाली तेव्हा तिची असिस्टंट म्हणून तिथे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये गोल्डन स्टेट वाल्कीरीज या अगदी नव्या डब्ल्यूएनबीए टीमची मुख्य कोच. २०२५ च्या पहिल्याच मोसमात ती लीगची सर्वोत्तम कोच ठरली. तेरा वर्षं लागली. एनबीएमधल्या वर्षांत तिच्या नावाची बातमी फार क्वचित व्हायची.

दुसरी सोनिया रामन. तिची आई नागपूरची, वडील चेन्नईचे; ती स्वतः मॅसॅच्युसेट्समध्ये वाढली. टफ्ट्सला खेळली, बॉस्टन कॉलेजमधून कायद्याची पदवी घेतली, वकिलीही केली. आपल्याकडच्या किती घरांत इथेच विषय संपला असता, तूच सांग. ती २००८ ते २०२० एमआयटीच्या मुलींच्या टीमची मुख्य कोच होती. एमआयटी म्हणजे तिसऱ्या डिव्हिजनचं कॉलेज, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही आणि मुली इंजिनिअरिंगच्या सबमिशनमधून वेळ काढून प्रॅक्टिसला येतात. तिथे तिने १५२ सामने जिंकले, कॉलेजच्या इतिहासात सगळ्यात जास्त. सप्टेंबर २०२० मध्ये मेम्फिस ग्रिझलीज या एनबीए टीमने तिला असिस्टंट कोच म्हणून घेतलं. ती डब्ल्यूएनबीएची स्टार नव्हती, व्यावसायिक खेळलीही नव्हती. चार मोसम तिने तिथे काम केलं, मग न्यूयॉर्क लिबर्टी, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सिएटल स्टॉर्मची मुख्य कोच. भारतीय वंशाची व्यक्ती डब्ल्यूएनबीएत मुख्य कोच होण्याची ही पहिलीच वेळ. 'मी देशाकडून खेळलेली नाही, मला कोण विचारणार' असं तू पत्रात लिहिलं आहेस, म्हणून तिच्याबद्दल मुद्दाम एवढं लिहिलं.

आता कडू भाग. तो न सांगता तुला या वाटेला लावणं योग्य होणार नाही.

एनबीएमध्ये मुख्य कोचच्या जागा तीस. आजपर्यंत त्यातल्या एकाही जागेवर कायमस्वरूपी बाई बसलेली नाही. हॅमनने २०१५ मध्ये स्पर्सच्या समर लीग टीमला विजेतेपद मिळवून दिलं. २०१८ पर्यंत ती बेंचच्या पुढच्या रांगेत आली. ३० डिसेंबर २०२० ला लेकर्सविरुद्ध दुसऱ्या क्वार्टरमध्ये रेफरींनी पोपोविच यांना बाहेर काढलं तेव्हा त्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं आणि उरलेला सामना तिने सांभाळला. स्पर्स १०७-१२१ ने हरले, पण नियमित मोसमातल्या सामन्यात बाईने एनबीए टीम चालवल्याची ती पहिली वेळ होती. तिने २०१८ मध्ये मिलवॉकीसाठी आणि २०२१ मध्ये पोर्टलँडसाठी मुख्य कोचपदाची मुलाखत दिली. दोन्ही जागा पुरुषांना मिळाल्या. २०२५ च्या उन्हाळ्यात डॉन स्टेलीने, जिच्या साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या मुलींच्या टीमने तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आहेत, न्यूयॉर्क निक्सची मुलाखत दिली. तेही पद दुसऱ्याला गेलं.

प्रत्येक वेळी एक कारण दिलं जातं. हिने मुख्य कोच म्हणून काम केलेलं नाही. हिला एनबीएचा अनुभव नाही. ही कारणं खोटी असतात असं मी म्हणत नाही. पण ज्यांनी आधी कधी मुख्य कोच म्हणून काम केलेलं नव्हतं अशा पुरुषांना ती संधी नेहमी मिळत आली आहे. पोर्टलँडने २०२१ मध्ये घेतलेले चॉन्सी बिलप्स हे त्यातलेच. एकच मोसम असिस्टंट होते. मला याचा राग येतो, आणि तो यावा असंच माझं मत आहे. तुझी तयारी कमी पडली म्हणून दार बंद राहिलं, असं दरवेळी स्वतःला सांगत बसू नकोस. कधी तयारी कमी पडलेली असते. कधी आतल्यांची हिंमत कमी पडलेली असते. या दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत, कारण पहिलीवर तू काम करू शकतेस.

याच्याशीच जोडलेली गोष्ट म्हणजे सोडून जाणं. २०२१ च्या शेवटी हॅमनने स्पर्स सोडून लास वेगास एसेसची मुख्य कोच व्हायचं ठरवलं तेव्हा बऱ्याच लोकांनी हळहळ व्यक्त केली, जणू ती हरून परत निघाली होती. वर्षाला दहा लाख डॉलरहून जास्त पगाराच्या बातम्या होत्या, टीम तिच्या हाती होती. तिने २०२२, २०२३ आणि २०२५ अशी तीन विजेतेपदं मिळवली. आठ मोसम दुसऱ्याच्या हाताखाली काम केल्यावर स्वतः निर्णय घ्यायची जागा मिळत असेल तर ती घ्यावी. पुरुषांची टीम हा वरचा मजला आणि बायकांची टीम हा खालचा, हा हिशेब मला मान्यच नाही. ड्रॉप डिफेन्स दोन्हीकडे तोच असतो. पुरुषांच्या खेळातलं काम हवं ते यासाठी, की तिथे जागा जास्त आहेत, पैसा आहे, आणि निम्म्या खेळाडूंना शिकवायचा हक्क आपल्याकडून कोणी काढून घेऊ नये.

उलट दिशेने टिकून राहिलेल्याही आहेत. जेनी बुसेक २०१८ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सकडे गेली, त्याच वर्षी तिला मुलगी झाली होती. तान्ह्या बाळासह हे काम कसं जमेल हे टीमने तिच्याशी बसून ठरवलं. पुढे ती मुख्य कोच रिक कार्लाइल यांच्यासोबत इंडियाना पेसर्सला गेली, आणि २०२५ मध्ये पेसर्स फायनलमध्ये खेळले तेव्हा ती त्यांच्या बेंचवर होती. लिंडसी हार्डिंग स्टॉकटन किंग्जची मुख्य कोच म्हणून २०२४ मध्ये जी लीगची सर्वोत्तम कोच ठरली, असा मान मिळवणारी पहिली महिला, आणि तिथून लेकर्सकडे असिस्टंट म्हणून गेली. म्हणजे साखळी तुटलेली नाही. संथ आहे.

आपल्याकडच्या रोजच्या अडचणी थोडक्यात सांगते, कारण यांवर सविस्तर लिहिण्यासारखं काही नाही, फक्त आधी माहीत असलेलं बरं. चेंजिंग रूममध्ये टीम टॉकसाठी जाण्याची वेळ ठरवून घे. 'आम्ही तयार झालो की कॅप्टन बाहेर येऊन सांगेल' एवढा नियम पुरतो आणि दोन सामन्यांत सवयीचा होतो. रेफरी तुझ्या शेजारी बसलेल्या पुरुषाशी बोलायला जाईल. शांतपणे उभी राहा आणि तूच उत्तर दे. बाहेरगावी स्पर्धेला जाताना राहण्याची सोय निघण्याआधी लेखी विचार. आणि एक बारीक गोष्ट: रात्री जेवणानंतर पुरुष मंडळी एका खोलीत जमतात आणि उद्याचे पहिले पाच खेळाडू तिथेच ठरतात. त्या गप्पांत तू नसशील. म्हणून टीम निवडीची चर्चा सकाळी, कोर्टवर, सगळ्यांसमोर करायची पद्धत पाड.

शिक्षणाचं म्हणशील तर पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंगचा डिप्लोमा कर. सरकारी आणि संस्थांच्या नोकऱ्यांसाठी तो अजूनही विचारला जातो. सोबत रेफरीची परीक्षा दे. नियम पक्के असलेल्या कोचशी वाद घालताना समोरचा विचार करून बोलतो. भारतात पुरुषांची व्यावसायिक लीग वर्षभर पोट भरेल अशी अजून उभी राहिलेली नाही. लीग येतात, काही मोसम चालतात, थांबतात. त्यामुळे दुसरं उत्पन्न हवंच.

आता तुझे दोन पर्याय. शाळेचं काम घे. पगारासाठी घे, आणि त्याहून जास्त यासाठी की तिथे टाइमआउट तू घेणार, बदली खेळाडू तू पाठवणार, हरल्यावर उत्तर तू देणार. रामनने बारा वर्षं हेच केलं. क्लबलाही नाही म्हणू नकोस, पण 'मदत' हा शब्द स्वीकारू नकोस. बॉटल भरणं, टॉवेल मोजणं, फोन सांभाळणं तिथूनच सुरू होतं. सेक्रेटरींना भेट आणि ठरलेलं काम माग. डिफेन्स माग, कारण आपल्या क्लबांमध्ये डिफेन्सकडे लक्ष द्यायला कोणी उत्सुक नसतं आणि सुधारणा सगळ्यात लवकर तिथेच दिसते. मुदत माग, एक मोसम, त्यानंतर मानधनाची चर्चा. आणि सामन्याच्या दिवशी स्कोअरशीटवर पहिली असिस्टंट कोच म्हणून तुझं नाव लिहायला सांग. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांप्रमाणे टाइमआउट मागायचा हक्क मुख्य कोच आणि पहिला असिस्टंट कोच या दोघांनाच असतो, आणि मुख्य कोचला बाहेर जावं लागलं तर टीम पहिल्या असिस्टंटकडे येते. त्या जागी नाव लिहायला ते तयार झाले तर संध्याकाळी क्लबवर जा. नाही झाले, तर तो वेळ शाळेच्या मुलींचे व्हिडिओ बघायला वापर.